मास्तरांचं ‘बस’

मास्तर, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली आणि मी आता तुमचंच काम करतो. संत तुकाराम नगरात एका खोलीत सकाळी साडेपाचला आठ-दहा माणसं येतात. कुणाची कंबर धरलेली, कुणाच्या दिवसभर मशीनपुढं उभं राहून पायांच्या शिरा फुगलेल्या. त्यांना मी सतरंजीवर बसवतो, गुडघ्याखाली कांबळ्याची घडी देतो आणि सांगतो, दुखेपर्यंत करायचं नाही, दुखण्याच्या अलीकडंच थांबायचं. लोक मला ‘मऊ मास्तर’ म्हणतात. चेष्टेनंच म्हणतात, पण मला ते आवडतं.

तुमचा वर्ग मऊ नव्हता. तुम्ही कंपनीत फिटर, मी लेथवर नवाच लागलेलो. तळवड्याहून सायकल मारत तुम्ही यायचात आणि पहिल्या शिफ्टच्या आधी कॉलनीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्हा वीसेक जणांना आसनं शिकवायचात. थंडीतही खाली नुसती फरशी. उशिरा आलेला दारातूनच परत जायचा. एकजण शीर्षासनात हसला, तर त्याला तुम्ही आठ दिवस भिंतीकडं तोंड करून बसवलं होतं. आळंदीच्या कुणा बैराग्यानं तुम्हाला ही विद्या दिली होती आणि तिच्यात काडीचा फरक करायला तुम्ही तयार नसायचात. “पद्धत हाय ती. आपल्या सोयीनं वाकवायची न्हाई,” म्हणायचात. आम्ही मागं तुमची नक्कल करायचो, पण पहाटे यायचो मात्र सगळे.

बोलणं तुमचं मोजकं. एकच ‘बस’ तुम्ही दोन कामांना वापरायचात. वर्ग सुरू करताना ‘बस’ म्हणजे खाली बस. आसनात एखाद्याचा चेहरा वाकडा झाला की ‘बस’ म्हणजे पुरे, सोड. नवा माणूस हमखास फसायचा. पुरे म्हटलं की तो आणखी खाली बसायचा आणि सगळी शेड हसायची. पंधरा दिवसांत ज्याचं त्याला कळायचं. पहिल्या ‘बस’ला तुमची हनुवटी खाली जायची, दुसऱ्याला हात पुढं यायचा.

मला पद्मासन येत नव्हतं. कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात आसनं करून दाखवायला तुम्ही चौघांना निवडणार होतात, आणि मला त्या चौघांत असायचंच होतं. गावाहून वडील येणार होते, त्यांना मी तसं कळवूनही बसलो होतो. निवडीच्या आदल्या दिवशी तुम्ही माझ्या अधांतरी गुडघ्याखाली गोणपाटाची घडी सरकवलीत, सगळ्यांसमोर. “तुझं हाड येगळं हाय. वरीसभर असंच कर. घाई केलीस तर गुडघा जाईल,” म्हणालात. आज मी रोज दहा जणांना हेच सांगतो. त्या दिवशी मात्र माझ्या अंगाचा जाळ झाला. म्हाताऱ्याकोताऱ्यांना देतात ती घडी मला दिली, एवढंच मला दिसलं. ती घडीही तुमच्या त्या कडक पद्धतीतलीच होती, हे समजायला मला फार वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी मी घडी बाजूला सारली. दोन्ही पावलं ओढून मांड्यांवर घेतली. डावा गुडघा वीतभर वरच राहिला. तुम्ही समोर येता, वाकता, हात पुढं करता. “बस,” म्हणता. आणि मी दोन्ही हातांनी गुडघा खाली दाबतो. वाळकी शेंग फुटावी तसा आवाज झाला. मागं बसलेल्यांना दिसला तो तुमचा पुढं आलेला हात, आणि ऐकू आली माझी किंकाळी. “मास्तरांनी दाबला,” कुणीतरी ओरडलं. तुम्ही माझ्या तोंडाकडं पाहत राहिलात. मी डोळे मिटून घेतले.

दवाखान्यात तुम्ही रोज यायचात. खाटेच्या कडेला बसून एकदा म्हणालात, “माझंच चुकलं. एका शब्दाचं दोन अर्थ. पुरे कर म्हणून नीट सांगाया पायजे व्हतं.” मी मान हलवली, जणू खरंच माझा घोटाळा झाला होता. वर्ग बंद पडला, शेडमध्ये सायकली लागायला लागल्या. तळवड्यातही तुम्हाला ‘पाय मोडणारा मास्तर’ हे नाव पडलं. पुन्हा तुम्ही कुणालाही आसन शिकवलं नाहीत आणि तीन वर्षांत गेलात.

मास्तर, मला शब्द नीट ऐकू आला होता. हात पुढं आलेलाही दिसला होता. पुरे, सोड, हेच तुम्ही म्हणत होता आणि ते मला कळलं होतं.

तरी प्रत्येक नव्या बॅचला मी पँट वर करून गुडघा दाखवतो. सांगतो, जुनी पद्धत ही अशी, जोर लावायची, आमच्या मास्तरांनी दाबला बघा. लोक हळहळतात, आणि मग माझ्या कांबळ्याच्या घडीवर त्यांचा विश्वास बसतो. मला लाज वाटते, पण सांगायचं काही थांबत नाही.

गेल्या रविवारी पिंपरीच्या मंडईत तुमच्या घरच्या काकू भेटल्या. मी ओळखलं नाही, त्यांनीच माझ्या चालण्यावरून मला ओळखलं. म्हणाल्या, “दुखतो का रं अजून? आमचं हे मरंस्तवर म्हणत व्हते, माझ्या तोंडातून शबुद नीट निघाला न्हाई, पोराचा पाय गेला. लई जिवाला लावून घेतलं त्यांनी. मनात काय ठेवू नगंस बाबा, माफ कर त्यास्नी.” भाजीची पिशवी खाली ठेवून त्यांनी मला हात जोडले. मी म्हणालो, “केव्हाच केलं, काकू.”

त्या रात्रीपासून हे लिहितो आहे. तुमच्या नावानं लिहायला घेतलं, कारण काकूंच्या नावानं लिहिलं असतं तर ते तळवड्याला नेऊन द्यावं लागलं असतं.