करडा पट्टा

मंगळवार, ऑफिसातून आल्यावर

कपाशीच्या बियाण्याला पुढचे सहा महिने किती मागणी राहील, त्याचा आलेख आज साहेबांना दाखवला. तीन पद्धतींची तीन उत्तरं आली, म्हणून रेषेभोवती करडा पट्टा ठेवला होता. खरी मागणी यात कुठेही पडू शकते, एवढंच सांगणारा. महिना जितका लांबचा, तितका रुंद.

साहेब म्हणाले, "वडीगोद्रीचे दुकानदार काय पट्टा विकून राह्यलेत? एक आकडा द्या, बराबर."

सगळे हसले. मीही. का हसलो मी?

पट्टा मीच पुसला. मागच्या हंगामातही पुसला होता. बियाणं गोदामात पडून राहिलं, तेव्हा हेच साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमचा आकडा चुकला."

आज नुसती रेष उरल्यावर म्हणाले, "हां, आता कसं भरवशाचं दिसतंय!"

त्या कागदावर भरवशाचं काही होतं, तर तो पट्टाच.