मेडिकल लाईनमधले माझे पहिले वर्ष

सोमवार, २४ जून १९७४. सांगली.
मेडिकलची लिस्ट लागली. तीनदा वाचली. नाव नाही. शेवटच्या मुलाला माझ्यापेक्षा एकोणसाठ मार्क जास्त. म्हणजे थोडक्यात हुकले. फिजिक्सच्या पेपरला सर्दी होती, नाहीतर साठ मार्क कुठे गेले नव्हते.
बी.एस्सी.चा फॉर्म भरला. झूऑलॉजी. तात्पुरता.

२५ जून.
गावी कुंडलला वडिलांना, म्हणजे आबांना, पत्र टाकले. ‘मेडिकल लाईनला सुरुवात झाली आहे.’ यात खोटे एक अक्षर नाही. प्राण्यांचे शरीर तेही शरीरच. शिवाय आबा रिटायर्ड हवालदार. त्यांना लांबलचक खुलासे आवडत नाहीत.

२ जुलै.
आबांचे उत्तर. तीन ओळी. पत्र मिळाले, पाऊस बरा आहे, मनुकाकी गावभर सांगत सुटली आहे. आई गेल्यापासून काकीनेच मला वाढवले. तिला एवढा आनंद द्यायला काय हरकत आहे?

८ जुलै.
आजपासून टाईमटेबल. पहाटे चारला उठणे. चार ते सात अभ्यास, मग व्यायाम. भिंतीवर लाल शाईने लिहून लावले. रूम-पार्टनर अनंत (वाईचा, वडील घाटावर भिक्षुकी करतात) म्हणाला, अक्षर छान आहे.

९ जुलै. सकाळी ८.४०.
उठलो. आठ तास झोप शरीराला अत्यावश्यक असते. हे आपण मेडिकलवाल्यांनी नाही तर कोणी सांगायचे?

शनिवार, ३ ऑगस्ट.
कॉलेजात व्याख्यान. ‘वैद्यकीय क्षेत्रातील संधी’. मिरजेचे एक डॉक्टर आले होते. दीड तास बोलले. लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट, एक्स-रे, सॅनिटरी इन्स्पेक्टर, मलेरिया खाते, नर्सिंग. म्हणाले, एका डॉक्टरमागे अशी दहा माणसे लागतात आणि तीच मिळत नाहीत. ऐकून त्या दहा जणांबद्दल फार वाईट वाटले.
शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. मी विचारले, लिस्टमध्ये थोडक्यात हुकलेल्यांसाठी काय सोय? किती थोडक्यात, असे त्यांनी विचारले. तेवढ्यात चहा आला.
अनंतने सगळे वहीत उतरून घेतले. पत्त्यांसकट.

२ सप्टेंबर.
अनंत गेला. मिरजेला एका दवाखान्यात लॅब टेक्निशियनच्या ट्रेनिंगला लागला. हुशार मुलगा, पण दृष्टी आखूड. जन्मभर लोकांची लघवी तपासणार. मी त्याला सांगितले, माझा दवाखाना निघाला की तुला पहिली नोकरी देतो. थँक्यू म्हणाला. हसला का, ते नीट दिसले नाही. ट्रंक उचलत होता.

१९ ऑक्टोबर.
जुन्या बाजारात स्टेथोस्कोप मिळाला. एका कानाचे रबर गेले आहे, पण हृदय काही दोन्ही कानांनी ऐकायला नको. रात्री स्वतःचे ऐकले. अर्ध्या तासाने कळले की उलटा लावला होता.

१० नोव्हेंबर. कुंडल.
दिवाळीला आलो. एस.टी.तून उतरलो तर शेजारचा केरबा म्हणाला, “या डाक्टर!” दुरुस्त करणार होतो, पण त्याने पिशवी घेतली होती आणि भरभर पुढे चालला होता.

११ नोव्हेंबर.
सकाळपासून रांग. पाठ, गुडघे, खोकला. सगळ्यांना एकच सल्ला दिला. भरपूर पाणी प्या, तेलकट बंद. दिवाळीत तेलकट बंद म्हटल्यावर लोकांचा विश्वास फार वाढला. खरा डॉक्टरच असे बोलतो, असे धोंडुबाई म्हणाली.
दुपारी नानासो म्हैस घेऊन आला. “जरा बघ की गड्या, वैरण खाईना.” म्हशीलाही पाणी सांगितले.
आबा ओसरीवर बसून होते. काही बोलले नाहीत. मधूनच माझ्याकडे बघत होते. अभिमान असणार.

१२ नोव्हेंबर.
काकीची केस. चार पावले चालली की दम लागतो, पाय सुजतात, चेहरा पांढराफटक. छातीला स्टेथोस्कोप लावला. धडधड जोरात. जोरात म्हणजे हृदय मजबूत. सांगितले, वीकनेस आहे, बाकी ठणठणीत.
गावच्या नर्सबाईंनी तिला मिरजेच्या दवाखान्यात जायची चिठ्ठी दिली होती. काकीने विचारले, “मग जाऊ का नगं रं मिरजंला?” मी म्हणालो, मला तरी गरज दिसत नाही.
“घरचा डाक्टर असताना जायचं कशाला म्हनून मीबी गप बसले,” म्हणाली. चिठ्ठी चुलीत घातली. या वयात एवढा विश्वास मिळवणे सोपे नाही.

१३ नोव्हेंबर.
नर्सबाई स्वतः आल्या. काकीला कोणी थांबवले, असे विचारत होत्या. मग मला, कितवे वर्ष? पहिले, म्हणालो. पहिल्या वर्षाला पेशंट तपासायला देतात का? सध्या सगळे प्रॅक्टिकल झाले आहे, म्हणालो. बाई जरा मत्सरी वाटल्या. पण जाताना काकीला पुन्हा म्हणाल्या, “मनुबाई, माझं ऐका, मिरजेला जाऊन या.”
काकीने माझ्याकडे बघितले. मी नकारार्थी मान हलवली.

मंगळवार, १७ डिसेंबर. सांगली.
सकाळी अकराला अनंत सायकल मारत रूमवर आला. घामाघूम. म्हणाला, तुझी काकी आमच्या वॉर्डात आहे, काल संध्याकाळी आणली, चल. रक्त त्यानेच तपासले होते. हिमोग्लोबिन चौदा असायला हवे ते चार भरले. त्याला वाटले आपलेच चुकले, म्हणून तीनदा तपासले.
डबलसीट गेलो.  

त्याच दिवशी, दुपारी. मिरज.
काकी ओळखू येत नव्हती. शेताच्या बांधावर चक्कर येऊन पडली. बिराप्पाच्या ट्रॅक्टरमधून स्टँडपर्यंत आणि पुढे एस.टी.तून आणली. आबा आणि नर्सबाई दोघांनी.
डॉक्टर राऊंडला आले. काकीने माझा हात धरला आणि त्यांना म्हणाली, “ह्यो आमचा डाक्टर. यानंच तपासलं हुतं मला.”
डॉक्टरांनी विचारले, काय निदान केले होते? वीकनेस, म्हणालो. कोणत्या वर्षाला आहात? बी.एस्सी., म्हणालो. ऐकू आले नाही म्हणाले. परत म्हणालो.
ते रागावले असते तर बरे झाले असते. पोटात जंत, त्यांनी रक्त खाल्लेय, हृदयाला ताण आलाय, महिनाभर आधी आणायला हवे होते, असे त्यांनी आबांना सावकाश समजावून सांगितले. मी शेजारीच उभा होतो.

१८ डिसेंबर.
काकीला रक्त द्यायचे ठरले. माझा ग्रुप जुळला. ताबडतोब तयार झालो. कॉटवर झोपलो, दंडाला रबर बांधले, बाटली बघितली. पुढचे आठवत नाही. अनंतने नंतर सांगितले की सुई टोचायच्या आधीच गेलो. सिस्टरला काकीला सोडून माझ्या तोंडावर पाणी मारावे लागले.
रक्त आबांनी दिले. त्यांचाही जुळला.

२० डिसेंबर.
काकीच्या तोंडावर जरा रंग आला. पेज प्याली.
आबांबरोबर दवाखान्याबाहेर चहाला गेलो. आता सांगूनच टाकावे असे ठरवले. आबा, ती मेडिकलची लिस्ट, असे सुरू केले. आबा बशीत चहा ओतत म्हणाले, “म्हाईत हाय. जूनमधी हळद घिऊन सांगलीला आल्तो. कालिजात जाऊन मीबी वाचली.”
मग तेव्हाच का बोलला नाही, असे मी विचारले. वर तोंड करून विचारले, हे आता लिहिताना कळते.
“तू सांगशील म्हनून वाट बघितली. लिस्टीत नाव नसलं तर नसलं रं. दिवाळीत तिला तपासाय लागलास, तवा मी बोलायला पायजे हुतं. पोराची इज्जत जाईल म्हनून गप ऱ्हायलो. चुकलं माझं.”
आबांना ‘चुकलं’ म्हणताना मी आयुष्यात प्रथम ऐकले. चूक त्यांची नव्हती.  चहा निवला.
उठताना म्हणाले, गावाला काय सांगायचे ते तूच सांग. काकीला आधी.

२१ डिसेंबर ते १७ जानेवारी.
सांगायला योग्य वेळ सापडली नाही. आधी काकी अशक्त होती. मग ती घरी गेली. मग सबमिशन आले. पत्रात सांगण्यासारखी गोष्ट नाही.

रविवार, १९ जानेवारी १९७५. कुंडल.
सकाळच्या एस.टी.ने आलो. काकी अंगणात उन्हाला बसून शेंगा फोडत होती. आबा होते, केरबा होता, धोंडुबाई होती. एकटी सापडेना. शेवटी सगळ्यांसमोर म्हणालो, काकी, मी डॉक्टर नाही, होणारही नाही, मेडिकलला नाव लागलेच नव्हते. माझ्यामुळे तू मरणार होतीस.
 काकीने दोन शेंगा फोडल्या. दाणे माझ्या हातावर ठेवले. मग म्हणाली, “आन मग तिथं सांगलीला एवढं शिकवत्यात तरी काय रं तुला?”
सध्या बेडूक, म्हणालो.
“बेडूक?”
हो, म्हणालो. बेडकाचे पोट.
काकीने थोडा विचार केला. “बरं,” म्हणाली, “हिरीतला एकांदा आजारी पडला तर निरोप धाडू.”
केरबा हसला, धोंडुबाई हसली. आबासुद्धा. मग मीही हसलो. जरा उशिरा.