मागितलेल्या चार चाचण्या

३ मार्च, मंगळवार

सहापैकी दोन विरघळल्या नाहीत.

रोज एक घ्यायची गोळी. खास पुरुषांसाठी. बावीस जीवनसत्त्वं आणि क्षार, सगळं एकात. सहा काचनळ्यांत सहा गोळ्या टाकायच्या, नळ्यांचा पिंजरा अंगाइतक्या कोमट पाण्यात खाली-वर, खाली-वर. अर्ध्या तासात चुरा व्हायला हवा. चार झाल्या. दोन तळाशी तशाच — चिंचोक्यांसारख्या. पोटात गेल्या तरी जशा आत तशा बाहेर.

साहेब म्हणाले, "आणखी बारा लाव. नियमात बसतं." बसतं खरं. अठरापैकी सोळा विरघळल्या. पास.

संध्याकाळी घरी आलो तर ताटाशेजारी त्याच गोळ्यांची बाटली. हिने आणलेली. "जिने चढताना दमता. मला दिसत नाही का?" एक घेतली. अठरातली कुठली, कोण जाणे.

५ मार्च, गुरुवार

दादा आला होता. बरोबर पैलवान. पैलवान म्हणजे त्याचा सकाळच्या फिरण्यातला सोबती — निवृत्त शिंपी, अंगात शर्ट घातला तर हँगरला लटकवल्यासारखा. म्हणूनच पैलवान.

दादा जिने दोन-दोन पायऱ्या चढून आला! एकसष्ट वर्षांचा माणूस. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मला म्हणाला, "तू आत्ताच टेकलास? घे, दोन दिवस माझं खा." खिशातून हिरवी डबी काढली. जडीबुटीच्या कॅप्सूल. डबीवर पळणारा घोडा, आणि मागे बारीक अक्षरात आमच्या प्रयोगशाळेचं नाव.

दोन महिन्यांपूर्वी फोनवर विचारलं होतं त्याने, "विषबिष नाही ना?" मी म्हटलं होतं, घे. अहवालावर माझीच सही आहे. शिसं-पारा नाही, जंतू नाहीत, ओलावा बेताचा, वजन बरोबर. चार चाचण्या मागितल्या होत्या, चारही पास.

"तासाभरात फरक कळतो," दादा म्हणाला. "तासाभरात!" आणि त्याने डोळा मारला. दादाला डोळा मारताना मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. पैलवान म्हणाला, "मला नको रे बाबा, आमची म्हातारी घराबाहेर काढील."

हसलो. बऱ्याच दिवसांनी.

६ मार्च, शुक्रवार

तासाभरात?

मुळं आणि पानं इतकी घाईत नसतात. आठवडे लावतात — गुण आलाच तर.

८ मार्च, रविवार

दुपारभर झोपलो. उठलो तोही दमलेलाच. जीवनसत्त्वांचा आतापर्यंतचा परिणाम: लघवी पिवळीधमक.

१० मार्च, मंगळवार

वहिनीचा फोन. सकाळी फिरताना दादाच्या छातीत आवळून आलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाची एक नळी अरुंद झाली आहे, पुढच्या महिन्यात बघू. तोवर बारक्या गोळ्या दिल्यात. दुखलं की एक जिभेखाली ठेवायची.

विचारलं, "हिरव्या डबीचं सांगितलं का त्यांना?"

"भावोजी, ते काय औषध आहे सांगायला?"

११ मार्च, बुधवार

साहेबांकडे गेलो. म्हटलं, ही कॅप्सूल जरा मोठ्या यंत्रावर लावून बघू. आत काही मिसळलंय का.

"कुणी मागितलंय?"

"कुणी नाही."

"मग? मागणीपत्रकात चार चाचण्या. पाचवीचा अहवाल कुणाच्या नावे काढणार? नसती उठाठेव करू नकोस. विचारलं तेवढं सांगायचं, हा आपला धंदा."

चोवीस वर्षं हेच वाक्य मी नव्या पोरांना शिकवत आलो आहे. माझ्या तोंडी ते जास्त बरं वाटायचं.

१२ मार्च, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत लावली. कपाटात राखून ठेवलेल्या नमुन्यातली.

आलेखाची रेघ जिथे सपाट जायला हवी तिथे सुळका. दुसरी कॅप्सूल लावली. तिथेच सुळका. मग शुद्ध औषधाचा नमुना शेजारी लावून पाहिला — त्याच मिनिटाला, त्याच जागी. पुरुषांचं ते औषध, जे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. पूर्ण मात्रा. हिरवी पूड नुसती वर पांघरायला.

ते पोटात असताना जिभेखाली ती बारकी गोळी ठेवली की रक्तदाब कोसळतो. कोसळला की वर आणायला डॉक्टरांच्या नाकी नऊ येतात. कधी कधी येतच नाही.

साहेबांना आलेख दाखवला. त्यांनी कागद उलटा केला. "हे तू केलंस, हे मला माहीत नाही. घरी घेऊन जा."

घडी घालून खिशात ठेवला. खाली माझ्या टेबलावर दाखल्यांची फाईल उघडी होती. हिरव्या डबीचा जानेवारीचा दाखला वर. पास मालावर आमचा एकच शब्द: 'अनुरूप.' सही स्वच्छ, वळणदार. शाळेत याच अक्षराला बक्षीस मिळालं होतं.

१३ मार्च, शुक्रवार

कामावरून थेट दादाकडे. तो मोरीतला नळ उघडून वायसर बदलत होता. म्हटलं, "त्या कॅप्सूल बंद कर. आजपासून."

"का?"

"तुझ्या हृदयाच्या गोळीशी जमत नाहीत. दोन्ही एकत्र झाल्या तर जिवावर बेतेल."

त्याने पाना खाली ठेवला. हात पुसले. एकेक बोट वेगळं पुसलं.

"म्हणजे डबी वाईट नाही. माझं काळीज वाईट."

इथे बोलायला हवं होतं. खिशात कागद होता.

"असंच काहीसं," मी म्हटलं.

"बरं झालं बाबा, घरात एक तरी शिकलेला आहे," दादा म्हणाला आणि परत नळाशी बसला.

रस्त्याने येताना स्वतःला समजावलं — ते दोन महिने त्याचे नव्हते, कुणीतरी भुकटीत कालवलेले होते, हे त्याला कसं सांगायचं? वहिनी हल्ली गुणगुणते. कसं सांगायचं? हे कारण चांगलं आहे. खरं कारण सही. निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत.

दादा वाचला. एवढं पुरे आहे.

१६ मार्च, सोमवार

दादाने खरंच बंद केल्या. वहिनी म्हणाली, गप्प असतात, पेपर उघडतात आणि पान उलटतच नाहीत.

हिने शर्ट धुवायला टाकण्याआधी खिसे चाचपले. कागद पुढे धरला. "हे काय?"

सगळं सांगितलं. ती खुर्चीत बसली.

"मग दादांना अर्धंच का सांगितलंत?"

"नोकरी जाईल."

"जाईल." मग म्हणाली, "माझ्यासाठी गप्प बसताय असं मात्र मनात आणू नका हं. मी नाही सांगितलं गप्प बसायला."

शर्ट घेऊन आत गेली. कागद टेबलावर ठेवून.

१८ मार्च, बुधवार

औषध खात्याला पत्र लिहिलं. पहिल्या खेपेला दोन पानं झाली. स्वतःची कैफियतच जास्त. फाडलं. दुसऱ्या खेपेला पाच ओळी. पाकिटात घातलं, पत्ता लिहिला.

उद्या टाकतो.

१९ मार्च, गुरुवार

पेटी रस्त्याच्या पलीकडे होती. मी अलीकडून गेलो.

२० मार्च, शुक्रवार

हिरव्या डबीचा नवा माल तपासायला आला. तेच मागणीपत्रक. त्याच चार चाचण्या. चारही पास.

साहेबांनी दाखला पुढे सरकवला. माझ्याकडे बघितलं नाही, खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं होतं हात थरथरेल, निदान अडखळेल. काही नाही. नेहमीसारखा चालला. 'अनुरूप.'

जेवण गेलं नाही. पण जीवनसत्त्वाची गोळी घेतली. हिने समोर ठेवली होती, म्हणून.

२२ मार्च, रविवार

दादा आणि पैलवान आले होते. दादा जिने एकेक चढला, मधल्या वळणावर थांबला. पैलवान त्याच्या आधीच वर! चहाचा दुसरा कपही मागून घेतला. हिला म्हणाला, "वहिनी, साखर घाला हो, आपल्याला कसली बंदी नाही."

दादा म्हणाला, "बघ, कसा उंडारलाय."

"तुझं नशीब झोपलं, माझं उठलं!" पैलवान म्हणाला. दोघे एकमेकांना ढोसून हसले, शाळेतल्या पोरांसारखे.

कशाला हसतात ते मी विचारलं नाही. डोकं जड होतं. ते गेल्यावर पाकीट पिशवीतून काढून पुस्तकांच्या मागे ठेवलं. पिशवीत चुरगळत होतं.

२४ मार्च, मंगळवार

सकाळी बागेत पैलवानाच्या छातीत कळ आली. दादाने स्वतःच्या खिशातली बारकी गोळी काढून त्याच्या जिभेखाली ठेवली. हिरवी डबीही त्यानेच दिलेली, दहा दिवसांपूर्वी — चांगली वस्तू, आपल्याला चालत नाही म्हणून टाकायची कशाला? दवाखान्यात नेलंय, वहिनीने फोनवर सांगितलं; रक्तदाब वर येत नाही म्हणतात.

लगेच तिथे फोन केला. डॉक्टरीणबाईंना औषधाचं नाव सांगितलं, मात्रा सांगितली. मी कोण, कुठे काम करतो, तेही सांगितलं. त्यांनी सगळं उतरवून घेतलं. मग विचारलं, हे तुम्हाला कधी कळलं?

बारा तारखेला, म्हटलं.