कोऱ्या कागदाची वाट

ग्रावेल, ता. ४ मे १९०९

चि. लेओकादीस ओनेझिमचे अनेक आशीर्वाद वि. वि.

आज पहाटे कपडे धोपटण्याच्या आवाजाने जाग आली. डोळे उघडल्यावर कळलं, हा आवाज साठ वर्षांपूर्वीचा. आई आणि गावच्या बाया सीन नदीच्या काठी धोपटायच्या, आणि पलीकडची टेकडी मंद विद्यार्थ्यासारखी, जराशा उशिराने तेच म्हणून दाखवायची. आठवतं?

आता नदीवर जाताच येत नाही. गिरणीवाल्या तुर्केतिलने गेल्या वर्षी वाटेवर कुंपण घातलं. इथे वाट कधी नव्हतीच, सगळं माझंच कुरण, असं चारचौघांत सांगतो. माझ्या शाळेत शिकत होता तेव्हा कवितेचं दुसरं कडवं विसरायचा, आता अख्खी वाट विसरला. गावाचा जुना नकाशा पुरात गेला. बायाबापड्या त्याच्याच गिरणीत कामाला, त्या काय बोलणार? शेवटी मीच तक्रार ठोकली. न्यायाधीश वीस तारखेला जागेवर येताहेत. हरलो तर कुंपण कायमचं, आणि गाव नदीकाठी असून नदीला मुकणार.

पण मी हरत नाही. तुझ्या लग्नात दिलेलं माझं नदीचं जलरंगातलं चित्र, १८७६ सालचं, तेवढं धाड. त्यात वाट आहे.

नातवंडांना पापे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
ओनेझिम

*

रुआँ, ता. ९ मे

ती. दादास लेओकादीचा सा. न. वि. वि.

सत्तरीला कुंपणाशी कुस्ती! तुझं पत्र वाचून आमचे हे तर हसून हसून ठसकले.

चित्र जेवणाच्या खोलीतून उतरवलं. तेहेतीस वर्षं पाहुणे विचारताहेत, ही नदी की चुक्याचं सार, आणि मी बापडी नदीच म्हणत आले. पॅरिसहून येऊन उन्हात छत्र्या रोवून बसणाऱ्या त्या चित्रकारांच्या नादी लागलास आणि सावल्या निळ्या केल्यास, झाडांचे ठिपके केलेस. तेही चालवून घेतलं. पण दादा, चष्मा लावून, वर भिंग धरून पाहिलं. वाट असायला हवी तिथे काही म्हणजे काहीच नाही. कोरा कागद! रंग संपला होता की जेवणाची वेळ झाली होती?

हे घेऊन न्यायाधीशांपुढे उभा राहिलास तर गाव हसेल. तक्रार मागे घे आणि चार दिवस इकडे ये. बदक शिजवते.

रागावलास तरी पत्र लिहीतच जा.

तुझी,
लेओ

*

ग्रावेल, ता. १२ मे

चि. लेओस अनेक आशीर्वाद वि. वि.

अगं वेडे, तो कोरा कागद हाच माझा साक्षीदार! जलरंगात ऊन रंगवत नाहीत. जिथे लख्ख ऊन, तिथे कागद तसाच सोडायचा. आपली वाट खडूच्या मातीची. सकाळी दहाला तिच्याकडे पाहवत नसे. तिथे ब्रश टेकवला असता तर ते खोटं बोलणं झालं असतं. आणि कुरण असतं तर हिरव्या रंगाला मी काय महाग होतो? बाकी सगळीकडे फासलाच आहे की, तुझ्या चुक्यासारखा.

चित्र आगबोटीच्या कप्तानाच्या हाती दे. बदक वीस तारखेनंतर, जिंकून आल्यावर.

आहे तो जिव्हाळा सांभाळून ठेव.

ओनेझिम

*

ग्रावेल, ता. २० मे, दुपार

चि. लेओस अनेक आशीर्वाद वि. वि.

चित्र सुखरूप पोचलं. दहाच्या ठोक्याला न्यायाधीशांना मी पूर्वी बसायचो त्याच जागी उभं केलं आणि चित्र त्यांच्या हाती दिलं. तुर्केतिल खो खो हसला. म्हणाला, मास्तर कोरा कागद दाखवून वाट मागताहेत, उद्या मी कोरा कागद दाखवून चर्च मागेन. सगळे हसले. तेवढ्यात ढग सरकला. कुंपणापलीकडच्या वर्षभराच्या विरळ गवतातून एक पांढरी रेघ चकाकली. चित्रात जिथे वळते तिथेच वळली. हसू थांबलं.

न्यायाधीशांनी खूप वेळ पाहिलं. मग म्हणाले, वाट होती हे मला पटलं. पण गाव तिच्यावरून चालत होतं, हे चित्र कसं सांगणार? तुम्ही तक्रारदार, तुमचा शब्द धरता येत नाही. चालणारं एक माणूस संध्याकाळच्या बोटीआधी आणा.

तेव्हापासून दारोदार फिरलो. प्रत्येक जण आपल्या बुटांकडे बघतो. दोष कुणाला देऊ, चूल गिरणीवर पेटते. तरी मी हरलो असं लिहिणार नाही. बोटीला अजून दोन तास आहेत आणि

लेओ, दार वाजलं म्हणून उठलो होतो. दारात तुर्केतिलची आई! ब्याऐंशी वर्षांची फ्लावी म्हातारी, गिरणीच्या घरातून दोन वर्षं बाहेर पडली नव्हती. रविवारची टोपी घालून, धापा टाकत उभी. बस म्हटलं तर बसेना. म्हणते, मास्तर, न्यायाधीश कुठल्या खाणावळीत उतरलेत ते सांग आणि तुझा हात दे. माझ्या पोराला मी चालायला शिकवलं ते त्याच वाटेवर.