लखलखीत पिस्तुलाचा विमा

४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. बाबांचं पिस्तूल घरात एकटं राहील म्हणून आई यंदाही माझ्याकडे येत नाही, हे वाचून मी आधी हसले आणि मग भांडी आपटली. नवं घर झाल्यापासून खिडकीजवळची खोली तिच्यासाठी राखून ठेवली आहे. पलंगावर चादरसुद्धा घातलेली असते. बाबा गेल्यावर ती एकही रात्र माझ्याकडे राहिलेली नाही, आणि मला तिची फार आठवण येते. पिस्तुलाला तुझ्या कपाटात काय थंडी वाजणार आहे?

महायुद्धातली वस्तू आहे, कबूल. शरण आलेल्या अधिकाऱ्याने ती पुढे केली तेव्हा लष्कराच्या भटारखान्यात बाबांचे हात कोपरापर्यंत पिठात होते, ही गोष्ट मी झोपेतही सांगेन. परवाना आईच्या नावावर आहे, गोळी आपल्या घरात कधी आलेली नाही. पण चोराची भीती तिच्या डोक्यातून जात नाही. म्हणून मी तिला विम्याचं सुचवलं, आणि काय आश्चर्य, विमा उतरला की येते असं तिने कळवलं आहे.

विम्यासाठी आधी जाणकाराकडून किंमत करून घ्यावी लागते. ते तू कर, आणि लगेच कर. तुझं लगेच म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. आई आली की पहिल्यांदा माझ्या नळांवरचे डाग काढून दाखवील, तेवढं ऐकून घ्यायची माझी तयारी आहे.

लोभ आहेच. तो तुझ्या आळसाला पुरून उरो.
तुझी ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेलो होतो. चष्म्याचं दुकान अर्धा दिवस बंद ठेवून गेलो होतो, याची नोंद घ्यावी.

जुन्या शस्त्रांची किंमत करणारे एक गृहस्थ आहेत. डोळ्याला सतत भिंग असतं म्हणून मी त्यांना भिंगवाले म्हणतो. सकाळपासून आईने पिस्तूल घासूनपुसून, आपल्या चांगल्या शालीत गुंडाळून दिलं होतं. भिंगवाल्यांनी शाल उलगडली आणि त्यांचा चेहरा पडला. हे कोण घासतं, असं त्यांनी विचारलं. मी छाती काढून सांगितलं की आमच्या मातोश्री, दर रविवारी, पितळेच्या भांड्यांना लावतात त्या पॉलिशने. त्यांनी भिंग काढलं आणि डोळे चोळले.

त्यांचं म्हणणं असं, की अशा वस्तूची किंमत असते ती तिच्या मूळच्या काळ्या मुलाम्यात आणि त्यावरच्या बारीक ठशांत. ते ठसे पाहून ती कुठे बनली, कोणाच्या हातात होती ते कळतं. आईने सगळंच पुसून काढलं आहे. आता त्यांनी लावलेल्या किमतीत एक बरीशी इस्त्री येईल. काही उपाय आहे का, असं मी विचारलं, तर मातोश्रींना थांबवा म्हणाले.

घरी आलो तर आई दारातच. भिंगवाल्यांना शब्द सुचेना, असं मी सांगितलं, आणि ते खोटं नाही. चकाकीबद्दल काही बोलले का, असं तिने विचारलं. दुसरं काही बोललेच नाहीत, असं मी सांगितलं, तेही खरं. ती इतकी खूश झाली की रविवारची वाट न पाहता पुन्हा घासायला बसली.

आता काय करू ते कळव. लोभ असू द्यावा, सध्या मला त्याची गरज आहे.
तुझा धाकटा

२२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. तिला यातलं अक्षर कळू देऊ नकोस. बाबांची एवढी एकच वस्तू मागे उरली आणि ती आपल्याच हाताने मातीमोल झाली, हे तिला कळलं तर ती खचेल, आणि मग येणं राहिलंच. इस्त्रीच्या किमतीला तर इस्त्रीच्या किमतीला, पण विमा उतरव आणि कागद तिच्या हातात दे.

खोटं बोललास की तुझे कान लाल होतात, तेव्हा बोलताना ते झाकून घे. लोभाची काळजी नको, तोंडावर ताबा ठेव.
तुझी ताई

५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

विमा झाला. एकट्या पिस्तुलाचा विमा काढायला कचेरीतले साहेब तयार होईनात. पिस्तुलापेक्षा कागदच महाग पडेल म्हणाले. मी बराच वेळ हटून बसलो, तेव्हा त्यांनी घरसामानाच्या विम्यात ते घालून दिलं. इस्त्री, पंखा, पिस्तूल, असा क्रम आहे.

आईने माझ्या दुकानातलं भिंग लावून कागद वाचला आणि बाबांचं पिस्तूल इस्त्रीच्या खाली का, असं विचारलं. अक्षरांच्या क्रमाने लावतात, असं मी सांगितलं. तिने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग भिंगवाल्यांचे आभार मानायचे आहेत म्हणून पत्ता मागू लागली. ते परगावी गेलेत, असं म्हणून गेलो आणि कान गरम झाले. तिने चपला घातल्या आणि एकटीच निघाली. पत्ता कागदाला टाचलेल्या भिंगवाल्यांच्या पावतीवर होता, हे मला ती गेल्यावर दिसलं.

ती अजून परतलेली नाही. हे पत्र असंच टाकतो.
तुझा धाकटा

११ मार्च

चि. ताईस,
अ. उ. आ.

भिंगवाल्यांना भेटून आले. भला माणूस. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारल्यावर खरं ते सांगितलं. घरी आल्यावर धाकट्यानेही सगळं कबूल केलं. तुम्ही दोघांनी मला फसवायचं ठरवलंत त्याचा राग नाही, पण त्या कामाला तू धाकट्याला नेमलंस, हे तुझ्यासारख्या हुशार मुलीला शोभत नाही.

तुमच्या बाबांना ते पिस्तूल कधीच नको होतं. ते गोष्ट सांगायचे ती पिठाच्या हातांपर्यंतच. त्या अधिकाऱ्याचं पुढे काय झालं, ते त्यांनी मलाही सांगितलं नाही. कपाट उघडलं की त्यांचा चेहरा काळवंडायचा. टाकून द्या म्हटलं तर एका माणसाने विश्वासाने हातात दिलेलं आहे, म्हणायचे. मग एका रविवारी मीच घासायला बसले. काळं निघालं तर बघवेल तरी, असं वाटलं. बरेच रविवार गेले, आणि एकदा त्या चकाकीत त्यांना दाढीचे राहिलेले खुंट दिसले. ते हसले, उठले आणि पुन्हा साबण लावून आले. तेव्हापासून ते पिस्तूलच त्यांचा आरसा. मी घासायची, ते शेजारी बसून गाल तपासायचे.

ते गेले तरी रविवारी पॉलिश उघडलं की ते शेजारी आहेत असं वाटायचं. म्हणून ते सोडून येववत नव्हतं. चोराचं आपलं मी सांगायला म्हणून सांगितलं.

भिंगवाले हळहळून म्हणाले, की ते कुठलं, कोणाचं, कुठल्या लढाईतलं, आता कोणालाच सांगता येणार नाही. मला इतकं हलकं वाटलं की तिथेच डोळे भरून आले. ते बिचारे घाबरले, किमतीचं दुःख झालं समजले. त्यांना कसं सांगू, की मला तेच पुसायचं होतं, आणि पुसून झालं.

शनिवारी येते. पिस्तूल धाकट्याकडे राहील, विमा आहे. डबीत पॉलिश बरंच उरलं आहे, ते घेऊन येते. तुझे नळ बघते. चादर घालून ठेवली आहेस म्हणे, तर आता ती धुऊन टाक.

आशीर्वाद आहेतच, बाकीचं समोर बसून.
तुझी आई