चाकामागची पिशवी

तीर्थरूप बाबांना,

वाकून नमस्कार. हात धुऊनच लिहायला बसलो आहे, कागदावर काळे डाग शोधू नका.

भांड्यांना चकाकी देणारं बफिंग मशीन अखेर मी स्वतः बांधलं. मालक तयार मशीन आणणार होते. ते पाहायला गेलो, तर मोटार दणकट, चाक सुरेख, पण उडणारी धूळ ओढून घ्यायची सोयच नाही. मी म्हटलं, हे नको, मी बांधून देतो. मालक म्हणाले, "बांध, पण फसलं तर हाताने घासत बसशील."

मोटार जुनीच घेतली. चाकामागे पत्र्याचं तोंड, त्याला पंखा आणि शेवटी जाड कापडाची पिशवी. पहिल्या दिवशी पंख्याच्या तारा माझ्याकडून उलट जोडल्या गेल्या आणि सगळी धूळ मालकांच्या तोंडावर उडाली. त्यांची पांढरी मिशी काळी कुळकुळीत झाली. तेही हसले, म्हणून वाचलो.

आता पातेल्यात असा चेहरा दिसतो की तुम्हीसुद्धा खोट काढणार नाही. शेजारच्या कारखान्यातली माणसं मशीन पाहून गेली. आईला सांगा, जेवण वेळेवर होतं.

काल पिशवी उघडली. आठवड्याभराची काळी भुकटी ओंजळभर निघाली. सगळे खूश झाले. मी मात्र ती ओंजळ तुमच्या तीस वर्षांनी गुणत उभा राहिलो. तुमच्या चाकामागे पिशवी नव्हती.

खोकला कसा आहे? आईकडून "बरा आहे" असं लिहवून घेऊ नका. स्वतःच्या हाताने लिहा.

तुमचा,
धाकटा