निखारे लागले नाहीत म्हणून

बाबा, इतकी वर्षं झाली तरी तुमच्यावरचा राग उतरत नाही. आज तर जास्तच उफाळला. पेडण्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला माझा मधुमेह नीट समजावून सांगितला. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, बारीक रक्तवाहिन्या चोंदतात. मग जखम झालेली कळत नाही आणि झालेली लवकर भरत नाही. यात न समजण्यासारखं काय होतं? तुम्हांलाही सांगितलं होतंच की. तुम्ही मान डोलावलीत आणि चहातली साखर तेवढी सोडलीत. वर ताटभर शीत, भातच तो, जेवून आईला सांगायचात, पथ्य चाललंय. सुर्ल्याच्या खाणीवर खनिजाचा ट्रक लावून घरी आलात तेव्हा एका पायात चप्पलच नव्हती, आणि ते तुम्हांला आम्ही दाखवल्यावर कळलं. आम्ही पोट धरून हसलो, तुम्हीही हसलात. आता त्या हसण्याचाही मला संताप येतो.

आणि ती जत्रा. तुम्ही देवीचे धोंड, व्रत धरणारे भक्त. जत्रेआधी सोवळं, एकवेळचं जेवण, आणि पहाटे वेताची काठी घेऊन होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून अनवाणी जायचं. व्रत म्हणून गोळ्याही बंद. आईने विनवलं, तुम्ही ऐकलं नाहीत. त्या सकाळी तुम्ही गळ्यात मोगऱ्याचे हार घालून अंगणात येऊन बसता, चेहरा कसा उजळलेला. दरवर्षी थोडाफार चटका बसायचाच, तुम्हीच सांगायचात. त्या वर्षी म्हणता, "औंदा म्हाका कांयच लागलें ना. देवी पावली." आई तांब्याने पायांवर पाणी घालते आणि थांबते. टाचेची कातडी सुटून आलेली असते. तुमचं लक्षही नाही. शेजारीपाजारी येऊन त्याच पायांना हात लावून नमस्कार करतात, आणि तुम्ही मलमसुद्धा लावू देत नाही, देवीच्या कृपेवर कसलं औषध म्हणून.

पुढे पाय काळा पडला, कापावा लागला, आणि चतुर्थीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला तुम्ही नव्हतात. देवीवर माझा राग नाही, बाबा. चटका बसत होता तोवर पाय शाबूत होते, एवढं साधं तुम्हांला कळू नये? तुमच्यामागे किती वर्षं आई जत्रेच्या सकाळी तो तांब्या हातात घेऊन अंगणात उभी राहायची.

हे सगळं मी आज बाईंना तोऱ्यात सांगितलं, आमचे बाबा कसे हट्टाने गेले ते. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला डोळे मिटायला सांगितलं. नायलॉनचा एक जाड दोरा तळपायाला जागोजागी टेकवत त्या विचारत गेल्या, "लागतंय का?" हे कागद कुठल्या टपालात टाकायचे नाहीत, बायकोलाही दाखवायचे नाहीत, म्हणून लिहितो. मी दर वेळी हो म्हणालो. उजव्या पायाला मला काहीच लागलं नव्हतं.